तिरप्या पत्र्यावरचा चुंबकी सेन्सर कधी लागतो, कधी लागत नाही : दोष शोधायचा कुठे?

तक्रार बहुतेक एकाच पठडीतली असते. झाकण किंवा गेट बंद आहे की उघडं हे समोरच्या चुंबकावरून ओळखणारा सेन्सर टेबलावर दहापैकी दहा वेळा लागतो, म्हणजे चालू होतो. हॉपरच्या (माल ओतायच्या मोठ्या नरसाळ्याच्या) उतरत्या बाजूवर, तिरप्या झाकणावर किंवा चूटच्या (माल घसरत जाणाऱ्या पन्हळीच्या) फ्लॅपवर बसवला की सकाळी चालतो आणि दुपारी बंद पडतो. एका हॉपरवर चालणारा तुकडा शेजारच्या हॉपरवर चालत नाही. मग कोणीतरी ब्रॅकेट (सेन्सर धरणारी पट्टी) थोडा वाकवतो, आठवडाभर बरं चालतं आणि पुन्हा तेच. नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांच्या शेडमध्ये काय किंवा डाळ मिलमध्ये काय, निदान ठरलेलं असतं : “कोनामुळे होतंय.”

कोनामुळे होतं हे खरं, पण कोन स्वतः फार थोडं खातो. तो अंतर बिघडवतो, वजन एका बाजूला टाकतो आणि आजूबाजूच्या लोखंडाशी चुंबकाचं नातं बदलतो. बिघाड या तिघांत असतो. म्हणून ब्रॅकेट वाकवून दुरुस्ती टिकत नाही.

सुरुवातीला सेन्सर कोणता आहे ते बघा. एम१८ थ्रेडची पितळी नळी, समोर चुंबक नाही, नुसतं लोखंड आलं की दिवा लागतो, तर तो इंडक्टिव्ह प्रॉक्झी आहे आणि इथलं बहुतेक त्याला लागू नाही. काचेच्या नळीत दोन पात्या असतील तर रीड स्विच. तीन पायांचा छोटा काळा तुकडा असेल तर हॉल सेन्सर. खाली मुख्यतः हॉलबद्दल आहे, रीडचं वेगळेपण जिथे येतं तिथे सांगितलं आहे.

कोन किती खातो, अंतर किती खातं

हॉल सेन्सर आपल्या तोंडाला काटकोनात येणारं क्षेत्रच मोजतो. तो चुंबकाच्या अक्षापासून कलला की वाचन कोनाच्या कोसाइनने घटतं. १० अंशांना घट दीड टक्का, म्हणजे काहीच नाही. ३० अंशांना १३ टक्के, ४५ ला २९ टक्के, ६० ला थेट निम्मं.

आता अंतर. १० मिमी व्यासाचं, ५ मिमी जाडीचं एन३५ जातीचं निओडिमियम चुंबक घ्या. त्याच्या अक्षावर, मोकळ्या हवेत, गणिताने साधारण असं क्षेत्र मिळतं (गॉस हे त्याचं एकक) : ६ मिमीवर ८५० गॉस, ८ मिमीवर ५१०, १० मिमीवर ३२५, १२ मिमीवर २२०, १५ मिमीवर १३०. आठाचं अंतर दहा झालं की ३६ टक्के गेले. ३० अंशांच्या कोनाने जे गेलं त्याच्या जवळजवळ तिप्पट नुकसान फक्त २ मिमीने केलं.

यातली खरी गंमत ब्रॅकेटमध्ये आहे. पट्टी ज्या रेषेवर वाकवली तिथून चिप (सेन्सरचा तुकडा) १२ मिमी लांब असेल आणि पट्टी ३० अंश मागे वाकवली, तर चिप सुमारे ६ मिमी मागे सरकते. आठाचं अंतर चौदा झालं. १४ मिमीवर १५० गॉस, त्यातून कोनाचे १३ टक्के वजा, उरले १३० च्या आसपास. सुरुवात ५१० पासून होती. फिटर म्हणतो कोन बदलला, प्रत्यक्षात त्याने अंतर पावणेदोनपट केलेलं असतं.

तुकडे एकसारखे नसतात

बाजारात सर्रास मिळणारा हॉल स्विच म्हणजे ३१४४. मूळ ए३१४४ च्या माहितीपत्रकात २५ अंश सेल्सिअसला चालू होण्याची पातळी ७० ते ३५० गॉस अशी दिली आहे. म्हणजे ८० गॉसला लागणारा तुकडाही पास आणि ३४० ला लागणारा तुकडाही पास. तापमान बदललं की हा पल्ला आणखी रुंदावतो. मूळ कंपनीने हा भाग बनवणं थांबवलं आहे. नागपूरच्या सीताबर्डी बाजारात किंवा ऑनलाइन मिळतात ते बहुतांशी त्याच क्रमांकाचे इतरांनी बनवलेले तुकडे, त्यांचा पल्ला गृहीत धरू नका.

वरच्या आकड्यांवर हे ठेवून बघा. १० मिमी अंतरावर ३२५ गॉस येतात. म्हणजे काही तुकडे लागणार, काही नाही. “सेन्सर बदलला आणि चालायला लागला” याचा अर्थ पुष्कळदा एवढाच की दुसरा तुकडा नशिबाने जास्त संवेदनशील निघाला. जुना खराब नव्हताच.

त्याच कुटुंबातल्या ए३१४२ चा पल्ला १३० ते २३० गॉस होता. नवीन डिझाइन करताना असाच अरुंद पल्ला दिलेला, सध्या उत्पादनात असलेला भाग निवडा. दोन-चार रुपये जास्त जातील. नियम असा धरा : झाकण बंद असताना, सर्वात वाईट अंतरावर आणि सर्वात जास्त उष्णतेत मिळणारं क्षेत्र हे त्या भागाच्या कमाल चालू-पातळीच्या किमान दीडपट हवं. ३१४४ साठी ते ५२५ गॉस होतं. वरचं १० मिमीचं चुंबक ते ८ मिमीवरही देत नाही. म्हणजे घाईत निवडलेली ही जोडी मुळातच काठावर उभी असते.

मोजल्याशिवाय ब्रॅकेटला हात लावू नका

गॉसमीटर लागत नाही. एसएस४९ई हा रेषीय हॉल सेन्सर, ७८०५ रेग्युलेटरवरून स्थिर ५ व्होल्ट आणि साधा मल्टिमीटर पुरतो. चुंबक नसताना आउटपुट २.५ व्होल्टच्या आसपास असतं, तो शून्याचा आकडा लिहून ठेवा. पुढे दर गॉसला साधारण १.४ मिलिव्होल्ट फरक पडतो. छापील तोंडासमोर दक्षिण ध्रुव आला की व्होल्टेज चढतं, उत्तर आला की उतरतं. ३.२२ व्होल्ट दिसले तर ७२० मिलिव्होल्टचा फरक, म्हणजे ५१० गॉस. साडेसहाशे गॉसच्या पुढच्या वाचनावर विसंबू नका, तिथून पुढे काही तुकडे सपाट होऊ लागतात.

हा तुकडा नेमका सेन्सरच्या जागी, त्याच कलाने, त्याच खोलीवर धरा. प्लास्टिकच्या पट्टीवर चिकटवून धरलेला बरा, बोटांनी धरलात तर २ मिमी इकडेतिकडे होतातच. मग चार वाचनं घ्या : झाकण नीट बंद, झाकण बंद पण हाताने खेचून त्याचा खेळ (ढिलेपणा) जाईल तेवढं वर, तसंच खाली दाबून, आणि पूर्ण उघडं. शेवटी तुकडा जागच्या जागी हळूहळू फिरवा आणि वाचन कुठे सर्वात जास्त होतं ते बघा. कमाल वाचन बसवलेल्या स्थितीपेक्षा १०-१५ टक्क्यांनीच जास्त असेल तर कोनाचा विषय सोडून द्या. दीडपट-दुप्पट असेल तरच कोन दुरुस्त करायचा.

खेचून आणि दाबून घेतलेल्या वाचनांतला फरक हा सगळ्यात बोलका आकडा. तो बंद वाचनाच्या पाव हिश्शापेक्षा मोठा असेल तर दोष बिजागरीत आहे.

अंतर मोजायला स्टीलचा फीलर गेज वापरू नका. तो चुंबकाला चिकटतो, आणि सेन्सर चालू ठेवून बघत असाल तर वाचनही बदलतो. पितळी पट्टी किंवा ठरावीक जाडीचे प्लास्टिकचे तुकडे चांगले.

लोखंड मदतही करतं, घातही करतं

चुंबक एमएसच्या (साध्या पोलादाच्या) पत्र्यावर सपाट बसलं, म्हणजे त्याचा मागचा ध्रुव पत्र्याला टेकला, तर समोरचं क्षेत्र वाढतं. पत्रा पुरेसा जाड आणि मोठा असेल तर चुंबकाची जाडी दुप्पट झाल्यासारखा परिणाम होतो. वरच्याच चुंबकाला १० मिमीवर ३२५ ऐवजी ४५० पर्यंत गॉस मिळू शकतात. पण तेच चुंबक पत्र्यात भोक पाडून आत बसवलं, चारी बाजूंनी लोखंड आलं, तर क्षेत्र बाजूच्या बाजूला वळून जातं आणि समोर फारच थोडं उरतं. दिसायला नीटनेटकं म्हणून चुंबक पत्र्यात खोल बसवणारे पुष्कळ आहेत. तसं करायचंच असेल तर भोवती किमान चुंबकाच्या व्यासाएवढी मोकळी जागा किंवा नायलॉनचं बुश (आखूड नळी) ठेवा.

टेबलावरची चाचणी लाकडावर होते आणि बसवणी लोखंडावर, म्हणून दोन्हींचे आकडे जुळत नाहीत. एका हॉपरचं झाकण एमएसचं आणि दुसऱ्याचं एसएस ३०४ स्टेनलेस स्टीलचं असेल तर तेच चुंबक दोन ठिकाणी वेगळं वागेल. एसएस ३०४ साधारण चुंबकी नसतं, मात्र वाकवलेल्या कडांशी थोडं होतं. चुंबकाचा तुकडा फिरवून बघितलं की कळतं.

रीड स्विचचं उलट. तो पत्र्याला समांतर, अगदी टेकून बसवला तर क्षेत्र पात्यांऐवजी पत्र्यातून जातं आणि लागण्याचं अंतर निम्म्यावर येऊ शकतं. मध्ये ५ ते १० मिमीचा नायलॉनचा किंवा ॲल्युमिनियमचा ठोकळा द्या. शिवाय चुंबकाचा ध्रुव रीडच्या बरोबर मध्यावर, आडव्या दिशेने रोखला तर तो लागतच नाही, ती त्याची आंधळी जागा. तिरप्या बसवणीत नेमकं हेच होतं : समांतर यायचं चुंबक काटकोनाकडे झुकतं.

डाळ आणि धान्याच्या मिलमध्ये आणखी एक भानगड असते. मालातला लोखंडी कचरा, खिळे, तारेचे तुकडे पकडायला चूटमध्ये शक्तिशाली चुंबकी ग्रिड किंवा प्लेट बसवलेली असते. तिच्या अगदी जवळ हॉल स्विच असेल तर तो कायम चालू दिसू शकतो, किंवा ग्रिड साफ करायला ओढली की अचानक बदलतो. तक्रार “रोज सकाळी सफाईच्या वेळी अलार्म येतो” अशी आली तर आधी हेच बघा. ग्रिड आत असताना आणि बाहेर काढल्यावर एसएस४९ई चं वाचन घ्या. फरक ३० गॉसच्या वर असेल तर सेन्सर हलवा, दुसरा उपाय स्वस्त नाही.

झाकणाचं वजन आणि बिजागरी

आडव्या झाकणाचं वजन सरळ खाली, चौकटीवर बसतं. ४५ अंशांच्या बाजूवरचं झाकण मात्र घसरायला बघतं, सगळं वजन बिजागरीच्या एका बाजूला घासतं आणि बुश तिथेच झिजतं. दोन बिजागऱ्यांत २०० मिमी अंतर आणि पिनमध्ये १ मिमी खेळ असेल, तर ६०० मिमी लांबच्या टोकाला तोच खेळ ३ मिमी होतो. चुंबक टोकाला लावण्याची सवय इथे नडते.

चुंबक बिजागरीच्या अक्षापासून १५० मिमीच्या आसपास आणा. झाकण ५ अंश उघडलं तरी तिथे १३ मिमी हालचाल मिळते, ती ओळखायला पुरेशी आहे, आणि खेळ मात्र एक-चतुर्थांश राहतो. आणखी जवळ नेऊ नका, झाकण अर्धवट उघडं असूनही सेन्सर बंदच सांगत राहील.

बदल करायचाच तर हा करा

छोटं चुंबक जवळ ठेवण्यापेक्षा रुंद चुंबक लांब ठेवा. २० मिमी व्यासाचं, ५ मिमी जाडीचं चुंबक १२ मिमीवर ५६० गॉस देतं. दोन्ही बाजूंना २ मिमी चूक धरली तर पल्ला ७५० ते ४२५. छोटं १० मिमीचं चुंबक ८ मिमीवर ५१० देतं खरं, पण तेवढ्याच चुकीत ८५० पासून ३२५ पर्यंत हेलकावे खातं. मोठं चुंबक बाजूला सरकण्याच्या चुकाही जास्त पचवतं. सर्व जागी एकसारखी कामगिरी हवी असेल तर सर्वात जास्त फायदा याच एका बदलाने होतो, आणि तो बहुतेक जण शेवटी करतात.

कोन ब्रॅकेटने नाही, पाचरीने जुळवा. उताराचा कोन मोबाइलच्या कोनमापकाने घ्या, त्याच कोनाची नायलॉनची किंवा ॲल्युमिनियमची पाचर कापून सेन्सरखाली द्या. चुंबक आणि सेन्सरची तोंडं ५ अंशांच्या आत समांतर आली की पुरे, त्यापेक्षा अचूकतेचा काही उपयोग नाही. ब्रॅकेटमधला लांबट गाळा (बोल्टचं लांबट भोक) उताराच्या दिशेने कधीच ठेवू नका : कंपनाने बोल्ट थोडा सैल झाला की सगळं खाली घसरतं. गाळा उताराला आडवा, आणि अंतर जमवायला पितळी वॉशर. जमल्यावर एक पिन ठोका.

सरकणारं गेट

चुंबक समोरून न येता बाजूने सरकत येत असेल तर वेगळा घोळ होतो. सेन्सरच्या तोंडाला काटकोनातलं क्षेत्र चुंबक बाजूला गेल्यावर शून्य होतं आणि पुढे उलट चिन्हाचं होतं. लांब अंतरावर ही जागा अक्षापासून साधारण ५५ अंशांवर येते, म्हणजे फट १२ मिमी असेल तर बाजूला सुमारे १७ मिमी. फक्त दक्षिण ध्रुवावर लागणाऱ्या स्विचला याने फरक पडत नाही. कोणत्याही ध्रुवावर लागणारा स्विच मात्र गेट जाताना दोनदा-तीनदा लागू शकतो. गेट एकदाच हललं आणि काउंटर तीनने वाढला, असं असेल तर स्विचचा प्रकार तपासा. सेन्सर कललेला असला की हे उलटं टोक एका बाजूला मोठं होतं, म्हणून सपाट जागी न दिसलेली तक्रार उतारावर दिसते.

मे महिना

नागपूरला पारा ४५ ओलांडतो तेव्हा उन्हातला गडद पत्रा ६५-७० अंशांपर्यंत सहज जातो. निओडिमियमचं क्षेत्र दर अंशाला सुमारे ०.१२ टक्के घटतं, २५ वरून ६५ ला गेल्यावर ५ टक्के. फेराइटचं ०.२ टक्के, म्हणजे ८. एवढ्याने चांगली बसवणी बंद पडत नाही, काठावरची पडते. थंड झाल्यावर ही घट भरून येते. साध्या एन ग्रेडची मर्यादा मात्र ८० अंश आहे, पातळ चकती त्याआधीही कायमची कमजोर होऊ शकते. ड्रायर किंवा रोस्टरजवळ एच, एसएच अशी अक्षरं असलेला ग्रेड किंवा समॅरियम-कोबाल्ट घ्या.

दुपारी बंद, संध्याकाळी चालू असं होत असेल तर मात्र चुंबकाआधी गोंदाकडे बघा. फोमची दुहेरी चिकटपट्टी तापली की उतारावरून रोज थोडी थोडी सरकते. चुंबकाभोवती पेन्सिलने रेघ मारून ठेवा, चार दिवसांत कळेल. मधे भोक असलेलं चुंबक आणि पितळी स्क्रू हा खरा उपाय. इपॉक्सीच वापरायची असेल तर निकेलचा लेप हलका घासून, ॲसिटोनने पुसून लावा, आणि खालच्या कडेला टेकू द्या. पावडर कोटिंगवर चिकटवलं तर कोटिंगसकट निघतं. वर १ मिमी एसएसचं झाकण घातलं की लोखंडी भुशाच्या दाढ्या थेट चुंबकावर वाढत नाहीत, पुसायलाही सोपं.

प्रत्येक जागी वेगळा कोन असेल तर

दहा जागा, दहा वेगळे उतार असतील आणि यंत्रकामावर अवलंबून राहायचं नसेल, तर ठरावीक पातळीचा स्विच सोडून रेषीय सेन्सर वापरा. एसएस४९ई आणि मायक्रोकंट्रोलर : बसवल्यावर बंद आणि उघडं अशी दोन वाचनं साठवायची, दोघांतल्या फरकाच्या ६० टक्क्यांवर “बंद” आणि ४० टक्क्यांवर “उघडं” ठरवायचं. एसएस४९ई चं आउटपुट पुरवठ्याच्या प्रमाणात हलतं, म्हणून एडीसीचा (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाचा) संदर्भ त्याच ५ व्होल्टवरून घ्या. दहा बिटांच्या एडीसीत एक पायरी साडेतीन गॉसची पडते, या कामाला भरपूर.

कोन पूर्णच बाजूला ठेवायचा असेल तर तीन अक्षांचा सेन्सर, उदाहरणार्थ टीएलव्ही४९३डी. त्याचा पल्ला १३०० गॉसचा आहे. तिन्ही घटकांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की सेन्सर कसाही कलला तरी आकडा तोच राहतो. मात्र अंतर बदललं की हाही आकडा बदलतो, तीन अक्ष म्हणजे सगळ्यावर औषध नाही. शेजारी चुंबकी ग्रिड असेल तर झाकण उघडं असतानाचे तीन घटक साठवून प्रत्येक वाचनातून आधी वजा करा, वर्गमूळ नंतर. हा भाग ३.३ व्होल्टचा आणि आयस्क्वेअरसी या जवळच्या अंतराच्या डिजिटल जोडणीचा, त्यामुळे लांब केबलवर रुसतो. मायक्रोकंट्रोलर सेन्सरजवळच ठेवा आणि पॅनेलपर्यंत साधं चालू-बंद न्या.

पृथ्वीच्या चुंबकत्वाची शंका अधूनमधून विचारली जाते. नागपुरात ते जेमतेम ०.४५ गॉस आहे, वरच्या कोणत्याही हिशेबात ते दिसणारसुद्धा नाही. ज्यांचं काम दिशादर्शक मॅग्नेटोमीटरचं आहे त्यांना मात्र ते नडतं. इथे क्षेत्ररेषा क्षितिजाखाली सुमारे ३० अंश कललेल्या असल्याने बोर्ड एक अंश तिरपा झाला की दिशा अर्ध्या अंशाहून जास्त चुकू शकते. तिथे ॲक्सेलरोमीटरने कल दुरुस्त केल्याशिवाय गत्यंतर नाही.

वायरिंग

२० मीटर केबलवर १० किलोओहमचा पुल-अप (आउटपुट पुरवठ्याकडे खेचणारा रेझिस्टर) कमकुवत पडतो. १२ व्होल्टला २.२ किलोओहम लावा, साडेपाच मिलिअँपिअर वाहतील. सेन्सरच्या पायांशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. केबल व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) मोटर केबलपासून वेगळ्या ट्रेमध्ये. रीड थेट रिलेची कॉइल चालवत असेल तर कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा जोडा, नाहीतर पात्या चिकटतात आणि दोष पुन्हा कोनावर येतो. कंप देणाऱ्या फीडरवर सॉफ्टवेअरमध्ये २०० मिलिसेकंद थांबा ठेवा.

काम संपवताना झाकण खेचून, दाबून आणि भर दुपारी अशी तीन वाचनं पुन्हा घ्या आणि शून्याच्या आकड्यासह मार्करने पॅनेलच्या दाराच्या आत लिहून ठेवा. पुढच्या वेळी तक्रार आली की त्याच जागी तीच वाचनं घ्यायची. तिन्ही सारखीच घटली असतील तर चुंबक कमजोर झालं आहे किंवा सरकलं आहे, खेचल्याचं एकच घटलं असेल तर बुश बदलायचं आहे, आणि काहीच घटलं नसेल तर पान्हा खाली ठेवून केबल तपासायची.